६२ टक्के लोक म्हणतात... पण कोणते लोक? सर्व्हेचा आकडा तपासायचा कसा

मी काही वर्षं सर्व्हेच्या कामात काढली. सुरुवातीला दारोदार फिरून प्रश्नावल्या भरल्या, मग इतरांनी भरून आणलेल्या तपासल्या, आणि पुढे त्यांतून निघालेले आकडे स्लाइडवर चढवले. स्लाइडवर ‘६२ टक्के’ लिहिताना हात थबकत नाही. तोच आकडा दारात उभं राहून गोळा करताना मात्र दिसतं की त्यातले बरेच जण उत्तरापूर्वी घुटमळले होते, काहींनी शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे बघून उत्तर दिलं होतं, आणि काहींना आपल्याला फक्त लवकर वाटेला लावायचं होतं.

तरीही मी सर्व्हेच्या बाजूचाच माणूस आहे. लोकांना काय वाटतं हे कळण्याचे बाकीचे मार्ग, म्हणजे सभेची गर्दी, चारचौघांतल्या गप्पा, समाजमाध्यमांवरचा कलकलाट, याहून कितीतरी कच्चे आहेत. फक्त एक गोष्ट विसरायची नाही. सर्व्हेत मोजलं जातं ते उत्तर. मत टाकणं, वस्तू विकत घेणं, बातमी वाचणं या गोष्टी उत्तराच्या पलीकडच्या काठावर असतात. मतदार, ग्राहक आणि ऑनलाइन वाचक या तिघांच्या बाबतीत मधला पूल वेगवेगळ्या जागी खचतो. आधी तिघांनाही लागू पडणाऱ्या तपासण्या बघू, मग एकेकाकडे वळू.

पायरी १: मथळा मोडून पूर्ण वाक्य लिहा

मथळा असतो, ‘६२ टक्के लोकांचा नव्या नियमाला पाठिंबा’. कागद घ्या आणि तेच वाक्य असं लिहायचा प्रयत्न करा: अमुक तारखांदरम्यान, अमुक मार्गाने गाठलेल्या आणि बोलायला तयार झालेल्या इतक्या लोकांपैकी ६२ टक्क्यांनी, अमुक शब्दांत विचारलेल्या प्रश्नाला, समोर ठेवलेल्या पर्यायांपैकी अमुक पर्याय निवडला.

यातल्या किती जागा बातमीवरून भरता येतात ते मोजा. तारीख, लोकसंख्येचं वर्णन (सगळे प्रौढ, नोंदणीकृत मतदार की फक्त ॲप वापरणारे), संपर्काची पद्धत, नमुन्याचा आकार, प्रश्नाचे नेमके शब्द आणि पैसे कोणी दिले, एवढं तरी मिळायला हवं. चांगल्या संस्था हे स्वतःहून छापतात. प्रश्नाचे शब्दच कुठे सापडत नसतील तर मी पुढे वाचत नाही. हा माझा हट्ट समजा, पण त्याने वेळ बराच वाचतो.

पायरी २: नमुना मोठा आहे का, हे विचारू नका, आला कुठून, ते विचारा

शितावरून भाताची परीक्षा करायला हरकत नाही, पण वरचं शीत शिजलेलं आणि तळ करपलेला असेल तर परीक्षा फसते. शितं शंभर काढली तरी फसते, कारण शंभरही वरचीच.

या धंद्यातली सगळ्यात जुनी गोष्ट हेच सांगते. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. तेवीस लाखांहून अधिक परत आल्या आणि त्यांवरून आल्फ्रेड लँडन निवडून येणार असं जाहीर झालं. प्रत्यक्षात फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं जिंकली. पत्ते टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेले होते. महामंदीच्या काळात या दोन्ही याद्यांत खाऊनपिऊन सुखी माणसंच जास्त असणार. शिवाय रुझवेल्ट यांच्यावर नाराज असलेल्यांनी मतपत्रिका परत पाठवायचा उत्साह अधिक दाखवला. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याच्या कितीतरी पटींनी लहान नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला.

ही पंच्याऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीची चूक, आता कोण करतो, असं वाटेल. २०२१ च्या वसंतात अमेरिकेत किती प्रौढांनी कोविडची लस घेतली हे मोजण्यासाठी फेसबुकवरून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांची उत्तरं घेतली जात होती. मे महिन्यात तो आकडा सरकारी नोंदींपेक्षा दर शंभरी १७ ने जास्त निघाला. त्याच काळात साधारण हजार लोकांचा, नीट निवडलेला दुसरा सर्व्हे वास्तवाच्या बराच जवळ होता. अडीच लाखांचा नमुना असला की त्रुटीची मर्यादा (आकडा अधिक-उणे किती चुकू शकतो ती) कागदावर जवळजवळ शून्य दिसते. म्हणजे चुकीचं उत्तर, आणि वर त्याबद्दल पक्की खात्री.

मोठ्या नावाच्या अहवालांतही तळटीप वाचावी लागते. रॉयटर्स इन्स्टिट्यूटचा डिजिटल बातम्यांवरचा वार्षिक अहवाल जगभर उद्धृत होतो. २०२४ च्या अहवालासाठी ४७ देश-प्रदेशांतल्या सुमारे ९५,००० लोकांना विचारलं होतं. त्यात भारताच्या आकड्यांबाबत अहवालच सांगतो की हा नमुना मुख्यतः इंग्रजी जाणणाऱ्या, ऑनलाइन बातम्या वाचणाऱ्यांचा आहे. ‘भारतीयांचा बातम्यांवर इतका विश्वास’ असा मथळा करताना ही ओळ हमखास गळते.

उलट बाजूही सांगायला हवी. वाकडा नमुना म्हणजे केराची टोपलीच, असं नाही. २०१२ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी काही संशोधकांनी एक्सबॉक्स या खेळाच्या यंत्रावरून साडेतीन लाखांच्या आसपास लोकांची उत्तरं घेतली. त्यातले ९३ टक्के पुरुष, आणि बहुतेक तरुण. यापेक्षा वाकडा नमुना शोधून सापडणार नाही. पण वय, लिंग, शिक्षण, राज्य, आधीचं मतदान हे सगळं धरून काळजीपूर्वक गणित बसवल्यावर अंदाज चांगल्या चाचण्यांच्या तोडीचा आला. वाकडेपणा नेमका कुठे आहे हे माहीत होतं, म्हणूनच तो काढता आला.

पायरी ३: न बोललेल्यांची आठवण ठेवा

यादी उत्तम असली तरी फोन उचलायला माणूस हवा. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी जनमत-संशोधन संस्थेच्या टेलिफोन सर्व्हेंत १९९७ साली ३६ टक्के प्रतिसाद मिळत होता. २०१२ मध्ये तो ९ टक्क्यांवर आला आणि २०१८ मध्ये ६ टक्क्यांवर. शंभर जणांना गाठायचा प्रयत्न करायचा आणि सहा जणांशी बोलून बाकीच्या चौऱ्याण्णवांबद्दल सांगायचं, असा हा कारभार आहे. प्रतिसाद कमी म्हणजे निष्कर्ष चुकीचाच, असं मात्र नाही. बोलणारे सहा आणि न बोलणारे चौऱ्याण्णव त्या विषयावर सारखेच असतील तर काही बिघडत नाही. बिघडतं कधी, तर बोलण्याचा उत्साह आणि मत यांचं नातं असतं तेव्हा.

यावरचा नेहमीचा इलाज म्हणजे भारांकन: नमुन्यात कमी आलेल्या गटाची उत्तरं जास्त वजनाने मोजणं. एक साधं उदाहरण कागदावर करून बघा. लोकसंख्येत निम्म्या स्त्रिया आहेत, पण हजारांच्या नमुन्यात ३०० स्त्रिया आणि ७०० पुरुष आले. ६० टक्के स्त्रिया आणि ४० टक्के पुरुष एखाद्या प्रस्तावाच्या बाजूने आहेत. सरळ मोजलं तर पाठिंबा ४६ टक्के. आता प्रत्येक स्त्रीचं उत्तर १.६७ वेळा आणि प्रत्येक पुरुषाचं ०.७१ वेळा मोजा. पाठिंबा ५० टक्के होतो. एकही नवी मुलाखत न घेता अल्पमतातला पाठिंबा बरोबरीवर आला. याची किंमतही मोजावी लागते: असा हजारांचा नमुना अचूकतेच्या हिशेबात सुमारे ८४० जणांइतकाच भरतो.

भारांकन कशाकशावर केलं हे म्हणून विचारायचं. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अमेरिकेतल्या अनेक राज्यस्तरीय चाचण्यांनी वय-लिंग बघितलं, पण शिक्षण धरलं नाही. पदवीधर माणसं सर्व्हेला जास्त प्रतिसाद देतात आणि त्या वर्षी ती हिलरी क्लिंटन यांच्याकडे जास्त झुकलेली होती. देशपातळीवरचे अंदाज तेव्हा फारसे चुकले नव्हते; क्लिंटन यांना एकूण मतं दोन टक्क्यांनी जास्त मिळालीच. विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत मात्र सगळा घोळ झाला, आणि निकाल तिथेच क्लिंटन यांच्या विरोधात ठरला.

पायरी ४: त्रुटीच्या मर्यादेचं गणित स्वतः करा

यासाठी संख्याशास्त्र यायला नको. १०० ला नमुन्याच्या वर्गमुळाने भागा. १०० जण असतील तर अधिक-उणे १० टक्के, ४०० असतील तर ५, १००० असतील तर ३ च्या किंचित वर, २५०० असतील तर २. अचूकता दुप्पट हवी तर नमुना चौपट लागतो, म्हणून बहुतेक संस्था हजार-दीड हजारावर थांबतात.

बातम्यांत दोन चुका सतत दिसतात. पहिली आघाडीची. हजारांच्या नमुन्यात एकाला ४४ आणि दुसऱ्याला ४० टक्के असतील तर ‘चार टक्क्यांची आघाडी, तीन टक्क्यांच्या मर्यादेबाहेर’ असं लिहिलं जातं. पण तीन टक्के ही एकेका आकड्याची मर्यादा; दोघांतल्या फरकाची मर्यादा पावणेसहा टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे ही आघाडी पक्की नाही. दुसरी चूक पोटगटांची. ‘तरुणांमध्ये मोठा बदल’ अशी बातमी येते तेव्हा हजारांत तरुण होते किती, ते शोधा. शंभर-सव्वाशे असतील तर दहा टक्क्यांची हालचाल निव्वळ योगायोगानेही होते.

आणि ही मर्यादा धरते ती फक्त नशिबाने होणारी चूक. कोणाला गाठलं नाही, काय विचारलं, कोण खोटं बोललं, यातलं काहीच त्यात नाही. अमेरिकेतल्या हजारो निवडणूकपूर्व चाचण्या प्रत्यक्ष निकालांशी ताडून बघितलेल्या एका अभ्यासात सरासरी चूक सुमारे साडेतीन टक्के निघाली, म्हणजे छापील मर्यादेवरून अपेक्षित असते तिच्या साधारण दुप्पट. म्हणून छापलेली मर्यादा मी मनातल्या मनात दुप्पट करून टाकतो.

पायरी ५: प्रश्न मोठ्याने वाचा

बाकी काही केलं नाही तरी एवढं कराच. प्रश्न शोधा, मोठ्याने वाचा आणि समोर अनोळखी माणूस वही घेऊन उभा आहे अशी कल्पना करून उत्तर द्या.

१९९२ साली अमेरिकेत एका सर्व्हेत विचारलं गेलं की नाझींनी ज्यूंचा संहार केला हे कधी घडलंच नाही, असं शक्य वाटतं की अशक्य वाटतं? २२ टक्क्यांनी ‘शक्य’ म्हटलं आणि हाहाकार झाला. वाक्य पुन्हा वाचा. ‘घडलंच नाही हे अशक्य’ म्हणजे घडलं, हा दोन नकारांचा गुंता दारात उभ्या माणसाने क्षणात सोडवायचा होता. १९९४ मध्ये सरळ शब्दांत विचारल्यावर हाच आकडा एक टक्क्यावर आला.

गुंता नसला तरी शब्दांचं वजन पडतंच. लोकशाहीविरोधी भाषणांना ‘परवानगी द्यावी का’ आणि अशा भाषणांवर ‘बंदी घालावी का’, हे तर्काने एकाच नाण्याचे दोन चेहरे आहेत. १९४० च्या एका प्रयोगात ‘परवानगी देऊ नये’ म्हणणारे ७५ टक्के निघाले, तर ‘बंदी घालावी’ म्हणणारे ५४ टक्के. परवानगी नाकारायला माणूस सहज तयार होतो. बंदी घाला म्हणायला जीभ अडखळते. तसंच किमतीचं. २००३ च्या जानेवारीत प्यूने इराकवरच्या लष्करी कारवाईबद्दल विचारलं तेव्हा ६८ टक्के बाजूने होते. ‘हजारो अमेरिकी सैनिक मारले किंवा जखमी झाले तरीही’ अशी जोड दिल्यावर ४३ टक्के उरले. यातलं ‘खरं’ मत कोणतं? दोन्ही. पहिलं कारवाईची बिलाशिवायची आवड, दुसरं बिल समोर ठेवल्यावरची.

क्रमही विसरू नका. शीतयुद्धाच्या सुरुवातीला अमेरिकी लोकांना विचारलं की रशियातल्या कम्युनिस्ट पत्रकारांना इथे येऊन बातम्या पाठवू द्याव्यात का, तर जेमतेम एक तृतीयांशाहून थोडे अधिक हो म्हणाले. आधी ‘आपल्या पत्रकारांना रशियात जाऊ द्यावं का’ हा प्रश्न टाकला, की हो म्हणणारे जवळजवळ तीन चतुर्थांश झाले. एकदा आपल्यासाठी मागितलं की दुसऱ्याला नाही म्हणणं अवघड जातं. म्हणून एकटा प्रश्न बघून भागत नाही. त्याच्या आधीचे दोन-तीनही बघायचे.

आणि काही वेळा मत नसतंच. संशोधकांनी अमेरिकेत ‘१९७५ चा पब्लिक अफेअर्स ॲक्ट’ याबद्दल मत विचारलं. असा कायदाच अस्तित्वात नव्हता, तरी साधारण एक तृतीयांश लोकांनी बाजूने किंवा विरोधात मत दिलं. ही माणसं लबाड नव्हती. कोणीतरी गंभीर चेहऱ्याने विचारतंय, म्हणजे आपलं मत असायला हवं, असं माणसाला वाटतं. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय दिला होता का, आणि तो किती जणांनी घेतला, हे म्हणून शोधायचं. तो आकडा छापलाच नसेल तर उरलेले टक्के फुगलेले आहेत असं धरून चला.

पायरी ६ (मतदार): मत, मतदान आणि जागा या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा

मतदारांच्या सर्व्हेला एक सोय असते: उत्तरपत्रिका ठरलेल्या दिवशी तपासली जाते. म्हणूनच चुका चव्हाट्यावर येतात आणि पद्धती सुधारतात. ग्राहकांच्या सर्व्हेची उत्तरपत्रिका बहुधा कधीच कोणी तपासत नाही.

पहिला खड्डा, जाणार कोण? ‘मतदान करणार का’ याला हो म्हणणारे प्रत्यक्ष जाणाऱ्यांपेक्षा नेहमीच जास्त असतात, कारण नाही म्हणायला लाज वाटते. चाचणी घेणारी संस्था मग ‘संभाव्य मतदार’ ठरवण्याचं आपलं गणित लावते. दोन संस्थांचे अंदाज वेगळे आले तर बऱ्याचदा फरक लोकांच्या मतात नसतो, या गणितात असतो.

दुसरा, केव्हा विचारलं? १९४८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत गॅलपच्या अंदाजात टॉमस ड्यूई ४९.५ टक्के आणि हॅरी ट्रूमन ४४.५ टक्के होते. निकाल जवळपास उलटा लागला. इतर दोषांबरोबर एक दोष असा की मुलाखती मतदानाच्या बऱ्याच आधी थांबवल्या होत्या. कुंपणावरचे लोक शेवटच्या आठवड्यांत उतरतात, आणि ते सारखे वाटले जातीलच असं नाही.

तिसरा खड्डा आपल्या वाचकांना सगळ्यात जवळचा: मतांचं जागांत रूपांतर. २०१९ आणि २०२४ च्या लोकसभा निवडणुकांत भाजपच्या मतांची टक्केवारी ३७.४ वरून ३६.६ झाली, म्हणजे टक्काभरही घसरली नाही. जागा मात्र ३०३ वरून २४० वर आल्या. ब्रिटनमध्ये २०२४ साली लेबर पक्षाला ३४ टक्क्यांच्या आत मतं आणि ६५० पैकी ४११ जागा. जिथे एकेका मतदारसंघात सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो, तिथे मतांचा अंदाज एका टक्क्यात बरोबर आला तरी जागांचा अंदाज सपशेल आपटू शकतो. २०२४ मध्ये अनेक एक्झिट पोलनी एनडीएला ३५० च्या वर जागा दिल्या, मिळाल्या २९३. एक्झिट पोल दिसला की मी जागांच्या स्तंभावर हात ठेवतो आणि मतांची टक्केवारी दिली आहे का ते बघतो. दिलेली नसेल तर तो अंदाज कशावर बेतला आहे हे तपासायला काहीच उरत नाही.

अजून एक खूण, जी अनुभवानेच कळते. सगळ्या चाचण्या फारच एकसारख्या आल्या तर निर्धास्त होऊ नका. २०१९ च्या ऑस्ट्रेलियन निवडणुकीत शेवटच्या टप्प्यातली प्रत्येक चाचणी लेबर पक्ष ५१-५२ टक्क्यांवर दाखवत होती. निकाल आला तो दुसऱ्या बाजूला ५१.५ टक्के. हजार-दीड हजारांचे वेगवेगळे नमुने घेतले तर त्यांत नुसत्या योगायोगानेही याहून जास्त फाटाफूट दिसायला हवी. ती दिसत नसेल तर कोणीतरी शेजाऱ्याच्या पाटीत डोकावून आपला आकडा सरळ करतंय, अशी शंका घ्यायला जागा आहे.

पायरी ७ (ग्राहक): ‘घेईन’ म्हणणं आणि खिशात हात घालणं

१९३०-३२ मध्ये समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापियेर एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकेत फिरले. तेव्हा तिथे चिनी लोकांबद्दल द्वेष मुरलेला होता. २५१ हॉटेलं-उपाहारगृहांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. नंतर त्याच ठिकाणांना पत्र पाठवून विचारलं की चिनी पाहुणे घ्याल का? उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक म्हणाले, नाही. त्या अभ्यासात उणिवा आहेत (पत्राचं उत्तर देणारा माणूस आणि दारात स्वागत करणारा माणूस एकच होता कशावरून?), पण बोलणं आणि वागणं या दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात, हे त्यानंतर कोणाला नाकारता आलं नाही.

ग्राहकांच्या बाबतीत दरी बहुधा उलट्या दिशेची असते: तोंडाने हो, हाताने नाही. पर्यावरणपूरक वस्तूला थोडे जास्त पैसे द्याल का, याला हो म्हणायला काहीच लागत नाही. म्हणून ‘घेण्याची शक्यता’ विचारणाऱ्या पाच पर्यायांच्या प्रश्नात ‘नक्की घेईन’ आणि ‘बहुधा घेईन’ यांची बेरीज करून दाखवली असेल तर ती फोडा. ‘बहुधा’वाल्यांतले बरेच जण दुकानापर्यंत पोचत नाहीत. अनुभवी कंपन्या ‘नक्की’वाल्यांनाही पूर्ण धरत नाहीत, जुन्या उत्पादनांच्या खऱ्या विक्रीशी ताडून त्यांना कात्री लावतात.

१९८५ मध्ये कोका-कोलाने जवळपास दोन लाख चव-चाचण्यांनंतर नवी चव आणली. चाचण्यांत ती सरस ठरली होती. एप्रिलमध्ये आलेली नवी कोक लोकांनी अशी झिडकारली की जुलैत, ७९ दिवसांत, जुनी परत आणावी लागली. घोटभर पिऊन कोणतं आवडतं ते सांगणं वेगळं आणि वर्षानुवर्षांची ओळखीची वस्तू कायमची जाणं वेगळं. चवीच्या पेल्यात दुसरी गोष्ट मोजता येत नव्हती.

मग ग्राहकाला विचारायचं कसं? ‘तुमच्यासाठी काय महत्त्वाचं?’ हा प्रश्न टाळा. सगळंच महत्त्वाचं, हेच उत्तर येतं. त्याऐवजी दोन-तीन पूर्ण पर्याय समोर ठेवा, एकात दर्जा बरा आणि किंमत जास्त, दुसऱ्यात उलट, आणि एक निवडायला लावा. अशा दहा-बारा निवडींतून कोणत्या गुणाचं वजन किती ते हिशेबाने निघतं. बाजार-संशोधनात याला कॉन्जॉइंट म्हणतात. आणि शक्य असेल तिथे भविष्याऐवजी भूतकाळ विचारा: ‘घ्याल का’पेक्षा ‘शेवटचं कधी घेतलं, तेव्हा आणखी काय बघितलं होतं’ यातून जास्त हाती लागतं.

शून्य ते दहाच्या पट्टीवर ‘आमची शिफारस कराल का’ विचारणारा प्रश्न तर प्रत्येकाच्या मोबाइलवर येऊन गेला असेल. त्यात ९-१० देणाऱ्यांतून ० ते ६ देणाऱ्यांना वजा करतात. म्हणजे ६ देणारा आणि ० देणारा सारखेच, आणि ७-८ देणारे ना अधिक बाजूला, ना उणे. एकाच कंपनीचा आकडा महिन्यामागून महिने कसा हलतो ते बघायला ठीक. दोन वेगळ्या देशांतल्या कंपन्यांची तुलना त्यावर करू नये, कारण काही समाजांत १० हात सैल सोडून देतात आणि काहींत ८ म्हणजे शाबासकी असते.

पायरी ८ (ऑनलाइन माध्यमं): स्मृतीवर विसंबू नका, आवाजावर तर नाहीच

एकदा मुलाखत घेताना मी एका गृहस्थांना विचारलं, मोबाइलवर बातम्या दिवसातून किती वेळा बघता? ‘छे, कधीतरी, एखाद वेळा.’ हे बोलेपर्यंत हातातल्या फोनवर बातमीची सूचना आली, त्यांनी ती बोटाने उघडली, दोन ओळी वाचल्या आणि बंद केली. मी ‘दिवसातून एकदा’वर खूण केली. प्रश्नावलीत दुसरी सोयच नव्हती.

हे गृहस्थ खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी ते ‘बातम्या बघणं’ नव्हतंच. स्वतःच्या माध्यमवापराचा अंदाज आणि यंत्राने नोंदवलेला वापर यांचा मेळ जेमतेमच बसतो, हे अनेक अभ्यास एकत्र ताडून दिसलं आहे. चूक दोन्ही दिशांना होते. अमेरिकेत टीव्हीवरच्या संध्याकाळच्या बातम्या बघतो असं सांगणारे, प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या यंत्रांच्या आकड्याच्या सरासरी तिप्पट निघाले. १८ ते ३४ वयोगटात तर आठपट. बातम्या बघणं हे सुजाण नागरिकाचं लक्षण समजलं जातं, म्हणून ते वाढवून सांगितलं जातं.

दुसरी गोष्ट, समाजमाध्यमावरचा सूर म्हणजे जनमत नव्हे. प्यूच्या २०१९ च्या अभ्यासात अमेरिकेतल्या प्रौढांच्या ट्वीटपैकी ८० टक्के ट्वीट १० टक्के वापरकर्त्यांचे होते. ऑनलाइन परीक्षणांतही हेच: पाच तारे भरपूर, एक तारा बऱ्यापैकी, मधले ओस. ठीकठाक वाटलेल्या माणसाला लिहायची ऊर्मीच येत नाही.

तिसरी आणि आजची सगळ्यात मोठी अडचण: पैसे किंवा गुण मिळवण्यासाठी ऑनलाइन सर्व्हे भरणारे लोक. डिसेंबर २०२३ मध्ये अशा स्वेच्छेने भरलेल्या एका सर्व्हेवरून बातमी झाली की अमेरिकेतले २० टक्के तरुण ज्यूंच्या संहाराला थोतांड मानतात. प्यूने आपल्या नीट निवडलेल्या गटाला तोच प्रश्न विचारला तर ३ टक्के. आधीच्या एका चाचणीत त्यांनी स्वेच्छा-सर्व्हे भरणाऱ्यांना विचारलं होतं की तुमच्याकडे अणुपाणबुडी चालवायचा परवाना आहे का? तिशीच्या आतल्या १२ टक्क्यांनी हो म्हटलं. भराभर ‘हो’ दाबत जाणाऱ्याला पाणबुडीही चालते. तरुणांबद्दलचा, एखाद्या विचित्र श्रद्धेबद्दलचा धक्कादायक ऑनलाइन आकडा दिसला की आधी ही पाणबुडी आठवायची.

मी प्रश्नावल्या तपासायचो तेव्हा दोन खुणा बघायचो: वीस मिनिटांची मुलाखत चार मिनिटांत संपली का, आणि ओळीने दिलेल्या दहा विधानांवर ३, ३, ३, ३ असं सरळ रेघ मारल्यासारखं उत्तर आहे का. कच्चा डेटा तुमच्या हातात असेल तर या दोन चाळण्या लावायला दहा मिनिटं पुरतात. आता उत्तरं यंत्राकडून लिहून घेणाऱ्यांमुळे हे काम अवघड होत चाललंय. यंत्र ३, ३, ३ असं भरत नाही.

शेवटी, विश्वासाचे प्रश्न. ‘माध्यमांवर विश्वास आहे का’ विचारलं की माणूस त्याला न आवडणारं चॅनेल डोळ्यांसमोर आणतो. ‘तुम्ही वापरता त्या बातम्यांवर’ विचारलं की आवडतं. दुसरा आकडा सहसा जास्त येतो. रॉयटर्सच्या २०२४ च्या अहवालात सगळ्या देशांत मिळून ४० टक्के लोक बहुतेक बातम्यांवर विश्वास ठेवतो म्हणाले आणि ३९ टक्के अनेकदा किंवा कधीकधी बातम्या टाळतो म्हणाले. हे आकडे शेजारी ठेवून ‘विश्वास नाही म्हणून टाळतात’ असं लिहायचा मोह होतो. टाळण्यामागे कंटाळा, मनावरचा ताण, त्याच त्या विषयांचा भडिमार असं काहीही असू शकतं, आणि ते वेगळं विचारावं लागतं.

पायरी ९: स्वतः सर्व्हे करणार असाल तर

नमुन्याचा विचार करण्याआधी प्रश्नावली पाच-सात माणसांवर चालवून बघा. उत्तर घेऊन थांबू नका; ‘हा प्रश्न तुम्हाला काय विचारतोय असं वाटलं?’ हेही विचारा. एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबू नका: ‘वेग आणि दर्जा याबद्दल समाधानी आहात का’ याला वेगाने खूश आणि दर्जाने वैतागलेला माणूस काय सांगणार? कालावधी नेमका द्या, ‘साधारणपणे’ नको, ‘गेल्या सात दिवसांत’ म्हणा. नाजूक प्रश्न शेवटी ठेवा आणि जमलं तर माणसाच्या हातात फोन देऊन त्याचा त्याला भरू द्या.

आमच्या एका प्रश्नावलीत ‘गेल्या सात दिवसांत किती दिवस ऑनलाइन बातम्या वाचल्या?’ असा प्रश्न होता. आम्हाला तो अगदी चोख वाटत होता. चाचणीच्या दुसऱ्याच मुलाखतीत एका बाईंनी विचारलं, ‘व्हॉट्सॲपवर येतात त्या धरायच्या का? आणि नुसता मथळा वाचला तर?’ मुलाखतकारांच्या सूचनापुस्तिकेत यांचं उत्तर नव्हतं. म्हणजे वीस मुलाखतकारांनी आपापल्या मनाने वीस उत्तरं दिली असती आणि आम्ही त्यांची सरासरी छापली असती. त्या संध्याकाळी एका प्रश्नाचे चार प्रश्न झाले: बातमीचं ॲप किंवा संकेतस्थळ, व्हॉट्सॲप, व्हिडिओ आणि फक्त मथळे. मुलाखत दीड मिनिटाने लांबली, त्यावरून वरिष्ठांशी वाद झाला, पण चारही प्रश्न राहिले.